उपाशी ड्रम

शिट्टीच्या तोंडून ते वाक्य निसटलं तेव्हा तिची वेळ संपत आली होती आणि टाळ्या अजून एकदाही पडल्या नव्हत्या. वक्तृत्व स्पर्धेत ही जागा फार धोक्याची. इथे भलीभली माणसं काहीही बोलून जातात.

विषय पर्यावरणाचा होता. पृथ्वी तापते आहे हे सांगून झालं, बर्फ वितळून झालं, समुद्र चढून झाला, तरी समोरची मुलं चुळबुळतच होती. परीक्षक बाई पेनाचं टोपण चावत खिडकीबाहेर बघत होत्या. शिट्टीने एक मोठा श्वास घेतला आणि हात उंचावून म्हणाली, "बोलणं सोपं असतं, मित्रांनो. पण गेल्या सहा महिन्यांत आमच्या घरातून कचऱ्याचा एक कणसुद्धा बाहेर गेलेला नाही."

टाळ्या अशा पडल्या की मागच्या भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. परीक्षक बाईंच्या तोंडातून टोपण गळून पडलं. पहिला नंबर शिट्टीचा आला.

शिट्टी हे नाव तिला आजोबांनी ठेवलेलं, आणि तेही यंदाच. गेल्या वर्षापर्यंत ती इतकं हळू बोलायची की हजेरीच्या वेळी दुसऱ्या बाकावर बसून "हजर" म्हणूनसुद्धा तिची गैरहजेरी लागायची. शाळेतून घरी निरोप आला होता की मुलगी बरेच दिवस आजारी दिसते, तब्येत कशी आहे. आणि मग या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, एकदम आवाज फुटला. जेवताना बोलते, आंघोळ करताना बोलते, फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज भासत नाही. "ही कुकरसारखी आहे," आजोबा म्हणाले. "बराच वेळ नुसती तापत होती." तेव्हापासून शिट्टी.

तर कप देताना परीक्षक बाई तिच्या कानाशी वाकल्या. त्या नगरपालिकेच्या स्वच्छता खात्यात मोठ्या अधिकारी होत्या. "महिनाअखेरच्या रविवारी मी तुमच्या घरी येते," त्या म्हणाल्या. "मला ते सगळं प्रत्यक्ष बघायचंय."

शिट्टी कप छातीशी धरून घरी आली तेव्हा दाराशी त्यांच्या घरचा कचऱ्याचा डबा उभा होता. झाकण अर्धवट उघडं होतं आणि त्यातून केळ्याची साल बाहेर लोंबत होती. डब्याने तिला जीभ काढून दाखवली असंच वाटलं तिला.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला. उद्या शाळेत जायचं, खरं सांगायचं, विषय संपला. आई वाचनालयात काम करते, त्यामुळे तिला सगळ्याच गोष्टी जिथल्या तिथे लावून मोकळं व्हायची सवय आहे. शिट्टीने नुसती मान हलवली. मग जेवायला बसली आणि जेवणभर एक अक्षर बोलली नाही. मीठ हवं होतं तेही बोटाने दाखवलं.

ते बोट बाबांनी बघितलं.

बाबा विमा कंपनीच्या कचेरीत आहेत. कुठे काय फुटलं, कुणाचं काय बुडालं, हे बघायला जायचं आणि त्यातून काहीतरी मध्यम मार्ग काढून यायचं, हे त्यांचं काम. त्यांनी घास खाली ठेवला. "खोटं तर बोलून झालंय," ते म्हणाले. "पण महिनाअखेरपर्यंत ते खरं करून दाखवलं तर?"

"याला लबाडी म्हणतात," आई म्हणाली.

"हप्त्याहप्त्याने प्रामाणिकपणा म्हणू."

आईने तोंड उघडलं, पण तिची नजर मिठाच्या वाटीवर गेली आणि तिने ते परत मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात क्रांती झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्या हद्दपार झाल्या. जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायचं ठरलं आणि शिकार झाली ती बाबांच्या लाडक्या निळ्या शर्टाची. आईने खिसा तसाच ठेवला होता. भाजीवाला त्या खिशात मिरच्या टाकायचा, आणि बाबा दर वेळी आपल्या छातीला हात लावून बघायचे. आंघोळीचं पाणी झाडांना द्यायचं म्हणून बाबांनी टबात उभं राहून आंघोळ सुरू केली. टब गॅलरीपर्यंत ढकलत नेताना अर्धं पाणी बैठकीच्या खोलीलाच मिळायचं, त्यामुळे त्या महिन्यात घरात सगळ्यात तजेलदार कोण दिसत असेल, तर सोफा. आजोबा विजेची बचत म्हणून अंधारात बसायला लागले आणि बाबा दोनदा त्यांच्या मांडीवर बसले.

पण हे सगळं किरकोळ. खरा नायक होता ड्रम.

ड्रम हिरव्या रंगाचा, कमरेइतका उंच, खाली नळ असलेला. वरून सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं टाकायची. आत गांडुळं सोडायची. काही दिवसांनी खालून काळंभोर खत मिळायचं. माहितीपत्रकावरच्या चित्रात एक कुटुंब ड्रमभोवती उभं राहून इतकं आनंदाने हसत होतं की त्यांना दुसरा उद्योग नसावा. ड्रम गॅलरीत ठेवायचा, तर सोसायटीच्या सचिवांची परवानगी हवी.

सचिव न्यायालयातून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी चष्मा पुसला, नियमावली उघडली आणि सांगितलं की गॅलरीत कपडे, कुंड्या आणि खुर्च्या एवढंच चालतं. ड्रम यांपैकी काय आहे? बाबा म्हणाले, मोठी कुंडी समजा. सचिवांनी विचारलं, झाड कुठाय? बाबा म्हणाले, झाड नाही, गांडुळं आहेत. हे बोलायला नको होतं. सचिवांचा चेहरा उजळला. गांडुळं घरात ठेवणार, त्यांना खाऊ घालणार, म्हणजे ते पाळीव प्राणी झाले, आणि पाळीव प्राण्यांचा अर्ज वेगळा. त्यात प्राण्याचं नाव, रंग, लस टोचल्याचा दाखला आणि तो भुंकतो का, असे रकाने होते. बाबांनी तो अर्ज जसाच्या तसा भरला. 'भुंकतो का' पुढे 'आजवर नाही' असं लिहिलं. सचिवांनी शिक्का मारला आणि तोंडी बजावलं की जिन्यात नेताना पट्टा बांधावा लागेल.

ड्रम बसला त्या दिवशी समोरच्या घरातले सर हात मागे बांधून बघायला आले. सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेलं. त्यांना काही विचारलं की ते मूळ गोष्ट सांगत आणि मग मुळाच्याही खाली जात. त्यांनी ड्रमकडे बघत कुजण्याची प्रक्रिया, तिचा इतिहास, स्वतःच्या तरुणपणी बंद पडलेला एक प्रयोग, मुख्याध्यापकांशी झालेला वाद आणि वायूंचे प्रकार सांगितले. मध्येच कुठेतरी कोरड्या पाल्याबद्दल एक वाक्य होतं. पण तोवर बाबा उभ्या उभ्या पेंगत होते, आई दुधाकडे गेली होती, आणि शिट्टी सरांचं संपायची वाट बघत होती, कारण तिला स्वतःला बोलायचं होतं.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ड्रमने श्वास सोडायला सुरुवात केली.

त्या वासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. आजोबा म्हणाले, जुन्या मोज्यात कांदा ठेवून तो विसरून जावा तसं काहीसं. मग चिलटं आली. ती आधी ड्रमवर होती, मग गॅलरीत, मग बाबांच्या चहात. आईने झाकणावर वीट ठेवली. विटेवर चिलटं बसली. आणि मग एका सकाळी ड्रमचा नळ गळायला लागला.

खालच्या मजल्यावर शिंपीणकाकू राहतात. त्यांच्याकडे एका मोठ्या दवाखान्याचं काम होतं, परिचारिकांचे पांढरेशुभ्र गणवेश. धुऊन, इस्त्रीच्या आधी, त्यांनी ते गॅलरीत ओळीने वाळत घातले होते. वरून चहाच्या रंगाचे थेंब पडत राहिले. काकू वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक गणवेश होता आणि त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांची रांग होती. बाबांनी विमा कचेरीतला आपला नेहमीचा सहानुभूतीचा चेहरा लावला, पण तो चेहरा दुसऱ्याच्या चुकीसाठी बनवलेला होता, या प्रसंगी कामाला आला नाही.

काकू बाबांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी शिट्टीकडे बघितलं. "तूच ना ती, भाषणवाली?" त्या म्हणाल्या. "बोलायला बरं असतं गं. निस्तरायला दुसऱ्यांना लागतं."

सगळे गणवेश शिट्टीनेच परत धुतले. घासताना ती बोलली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर मान हलायची, फार तर खांदे. फोन वाजला तर तिने तो आजोबांच्या हातात दिला. शाळेतून आली, दप्तर ठेवलं, ड्रमसमोर जाऊन बसली, आणि घर एवढं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. आई, बाबा आणि आजोबा तिघेही तो आवाज ऐकत होते. कुणी कुणाशी काही बोललं नाही.

आणि त्यानंतर चमत्कार झाला. वास कमी झाला.

शिट्टीने रोज नाक लावून पाहिलं. दिवसागणिक कमी. चिलटं कंटाळून निघून गेली. नळ गळायचा थांबला. सगळ्यात आश्चर्य म्हणजे ड्रम भरतच नव्हता. आई स्वयंपाक करत होती, तिघं चहा पीत होते, केळी येत होती, पण ड्रममध्ये मात्र जेमतेम मूठभर काहीतरी. दाराशी ठेवलेला जुना डबाही रिकामा. शिट्टीने यावर खूप विचार केला आणि तिच्या लक्षात आलं की हे तिच्या भाषणाचं फळ आहे. घर सुधारलं. कचरा होतच नाही.

आवाज परत आला, आणि व्याजासकट आला. आता ती भाजी कशी चिरावी म्हणजे देठ वाया जात नाहीत ते आईला समजावू लागली. सरांना त्यांच्या दारात गाठून कुजण्याची प्रक्रिया सांगितली. सर पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकत उभे राहिले. सचिवांना तिने कळवलं की प्राण्यांची प्रकृती उत्तम आहे. घरात तिघे मोठे एकमेकांची नजर चुकवत सुखाने चहा पीत.

महिनाअखेरचा रविवार उजाडला. शिट्टीने शाळेचा गणवेश घातला, कपाला फडकं मारलं, आणि परीक्षक बाईंना दाखवायच्या आधी एकदा बघावं म्हणून ड्रमचं झाकण उघडलं. हात घालून खालपर्यंत चाचपलं. तळाशी भुकटी झालेला चोथा होता, वाळून खडखडणारी दोन टरफलं होती, आणि एका कोपऱ्यात दोऱ्यासारखी बारीक झालेली काही गांडुळं एकमेकांना धरून पडली होती. बाकीची गॅलरीच्या भिंतीवरून ओळीने कुठेतरी निघाली होती.

ड्रम उपाशी होता.

ती ओरडत बाहेरच्या खोलीत आली, आणि थांबली. दाराशी बाबा उभे होते, हातात कचेरीची डब्याची पिशवी. त्यांच्या मागे आई, खांद्यावर वाचनालयाची बॅग. आणि दोघांच्या मधून वाट काढत आजोबा, हातात निळ्या शर्टाची पिशवी. तिघे एकमेकांकडे असे बघत होते, जसे एकाच घरात शिरलेले तीन चोर जिन्यात भेटावेत.

"आज रविवार आहे," शिट्टी म्हणाली. "कचेरी कुठली?"

बाबांनी पिशवी पाठीमागे नेली. पिशवीतून कांद्याची पात खाली पडली.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बाबा रोज सकाळी रात्रीची सालं डब्यात भरून कचेरीच्या कँटीनमध्ये टाकत होते. रोज एवढी केळ्याची सालं बघून साहेबांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं की पोटाचा काही त्रास आहे का. बाबा हो म्हणाले होते, आणि तेव्हापासून साहेब त्यांच्याशी अतिशय हळुवार वागत होते. आईची भाजीची देठं वाचनालयाच्या टोपलीत जात होती. इतिहासाच्या कपाटापाशी मुळ्याचा वास येतो अशी वाचकांची तक्रार आली होती आणि ती तक्रार आईनेच गंभीरपणे नोंदवून घेतली होती. आजोबा फिरायला जाताना उरलेलं सगळं कोपऱ्यावरच्या लोहाराच्या शेळीला घालत होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच हे करतोय. आणि प्रत्येकाने इतकं मन लावून केलं होतं की ड्रमसाठी काही उरलंच नव्हतं.

"पण का?" शिट्टी म्हणाली. "आपण ड्रम आणला होता ना?"

बाबा पडलेली पात उचलत राहिले, एकच पात, बराच वेळ.

"तू बोटाने मीठ मागितलंस," ते शेवटी म्हणाले. "आणि मग गणवेशांच्या वेळी परत. मला वाटलं, ही आता पुन्हा गप्प होते. नको तो वास, नको तो थेंब. थोडंसं मी घेऊन गेलो तर काय बिघडलं."

"मलाही तेच," आई भिंतीकडे बघून म्हणाली.

आजोबा काही म्हणाले नाहीत, कारण तेवढ्यात त्यांच्या मागे दार ढकललं गेलं आणि शेळी आत आली. रोजच्या वेळेला आजोबा दिसले नाहीत म्हणून ती त्यांना शोधत जिना चढून आली होती. पट्टा नव्हता. तिच्या मागून, आत यावं की नाही अशा चेहऱ्याने, परीक्षक बाई आल्या. शेळीने निळ्या शर्टाच्या खिशात तोंड घातलं आणि मिरची खाल्ली. पुढची काही मिनिटं कुणालाच काही सुचलं नाही, शेळीला तर नाहीच.

ती शांत झाल्यावर बाबा शिट्टीच्या कानाशी आले. तिन्ही पिशव्या ड्रममध्ये पटकन रिकाम्या करू, ते कुजबुजले, वर थोडा पाला, बाईंना काय कळणार. मध्यम मार्ग. आईने या वेळी त्यांना अडवलं नाही. ती फक्त शिट्टीकडे बघत होती. आजोबासुद्धा. शिट्टीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती दुसऱ्या बाकावरची जुनी मुलगी पुन्हा तिच्या घशात येऊन बसली होती आणि हलायला तयार नव्हती.

मग तिला त्या तीन पिशव्या दिसल्या. रोज सकाळी ही तीन माणसं चोरासारखी घराबाहेर पडत होती. तिच्या आवाजाचं ओझं खांद्यावर घेऊन.

"बाई," ती म्हणाली, आणि आवाज फाटका निघाला, पण निघाला. "मी भाषणात खोटं बोलले. आमच्या घरातून कचरा बाहेर जातो. या तिघांनी नेला. मला माहीत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं." मग कप आणून तिने बाईंच्या समोर ठेवला.

परीक्षक बाई सोफ्यावर बसल्या. सोफा ओलसर होता, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी कपाकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, आणि एकदम खूप दमल्यासारख्या दिसल्या.

"म्हणजे तुमच्याकडेही जमलं नाही," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. त्यांच्या घरीही असाच हिरवा ड्रम होता, आणि तोही असाच घाण मारत होता. सासूबाई गॅलरीकडे पाठ करून जेवत. आणि शहरभर ड्रम वापरा म्हणून सांगत फिरणाऱ्या बाईंना खात्यात कुणाला विचारायचीही सोय नव्हती. स्पर्धेत शिट्टीचं वाक्य ऐकलं आणि त्यांना वाटलं, चला, निदान एका घराला तरी जमलंय. त्या तपासायला आल्याच नव्हत्या. शिकायला आल्या होत्या.

"कप मात्र मी घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तो शाळेला परत दे. आणि हे जे आता म्हणालीस ना, तेही तिथेच सांग."

दारातून कुणीतरी खाकरलं. सर होते. शेळी बघायला आले होते. "मी त्या दिवशी म्हणालो होतो," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "ओलं टाकलं की वर कोरडा पाला टाकायचा. नाहीतर हवा मिळत नाही, मग सडतं. एवढंच आहे ते." बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्याचं टोपण न चावता लिहून घेतलं. सरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुढे विचारलं, आणि सरांना पुढचं काही आठवेना.

तिन्ही पिशव्या ड्रममध्ये गेल्या, सगळ्यांच्या देखत. त्यावर खालच्या आवारातला वाळका पाला. संध्याकाळी शिंपीणकाकू सालींचं एक भांडं घेऊन वर आल्या, म्हणाल्या, खालपर्यंत सगळं ऐकू आलं, तुझा आवाज म्हणजे काय विचारायचं. नळाखाली वाटी ठेवायला मात्र विसरू नका, असंही म्हणाल्या. सचिवांनी शेळीचा अर्ज पाठवून दिला.

सोमवारी प्रार्थनेनंतर शिट्टी माइकसमोर उभी राहिली. तिने पहिलं वाक्य सुरू केलं आणि माइक बंद पडला. शिपाईकाका वायर हलवायला धावले, पण ती थांबली नाही. सगळं सांगितलं, केळ्याच्या सालींपासून गांडुळांपर्यंत. मुलं हसली, साहेबांच्या गोष्टीला तर फारच हसली. कप दुसऱ्या नंबरच्या मुलीला गेला. ती 'वेळेचे महत्त्व' या विषयावर बोलली होती आणि तिला घंटा वाजवून खाली बसवावं लागलं होतं.

वर्गात शिट्टी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. आता आवाज संपला, असं तिला वाटलं. जो काही होता तो मैदानावर खर्च झाला. वर्गाच्या बाईंनी हजेरी सुरू केली. तिचा नंबर आला.

"हजर," शिट्टी म्हणाली.

शेजारच्या वर्गातल्या सरांनी दारातून डोकावून विचारलं, कुणी बोलावलं का मला.